क्निफे

तोरण्याकडून ढग चढून आले की नसरापुरात दिवेलागण लवकर होते. आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी शेजारची पोर आमच्या ओट्यावर बसून स्पेलिंग पाठ करत होती. मांडीवर वही, डोळे मिटलेले, पाढ्यांची चाल. ‘के एन आय एफ ई, क्निफे, क्निफे म्हणजे नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. एन ए एम ई, नामे, नामे म्हणजे नेम, नेम म्हणजे नाव.’ मी हातातलं काम तसंच ठेवून उंबऱ्यात उभी राहिले. हीच चाल, हेच डोलणं, हेच क्निफे माझ्याही तोंडात होतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तोवरची चार वर्षं आम्हाला बाराखडीनं घडवलेलं असायचं. अक्षर दिसलं की त्याचा आवाज निघालाच पाहिजे, हा तिचा शब्द होता आणि तिनं तो पाळला होता. मग इंग्रजी आलं आणि तोंडातून जे निघतं ते कागदावर नाही, कागदावर आहे ते तोंडात नाही, अशी गत झाली. पोरांनी त्यावर आपली वाट काढली. शब्द आधी मराठीसारखा सगळा वाचून घ्यायचा, एकही अक्षर न गाळता. वेड-नेस-डे. क-नो-व-लेड-गे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी गावोगावच्या मराठी शाळांतल्या मुलांनी ते आपापलं शोधून काढलं. एकदा धडा वाचताना माझ्या तोंडून भर वर्गात ‘क्निफे’ निघालं. सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. पुढची दोन वर्षं मी इंग्रजी मोठ्यानं वाचलं नाही.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की मी फारसं चुकले नव्हते. सहाशे वर्षांपूर्वी, कवी चॉसरच्या काळात, इंग्रज माणूस सुरीला ‘क्नीफ’च म्हणत होता, पहिला क स्वच्छ उच्चारून. नावाला तो ‘नाम’ म्हणायचा, शेवटी एक पुसट अ लावून. आपलं संस्कृतातलं ‘नाम’ आणि त्यांचं ते ‘नाम’ एकाच जुन्या घरातली भावंडं आहेत. पुढे दोन-तीनशे वर्षांत त्यांचे दीर्घ स्वर सगळेच सरकले, आ चा ए झाला, ई चा आय झाला. पण मधेच, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता. शिशाचे खिळे जुळले, छापील रूप डोळ्यांत बसलं, आणि तोंड मात्र पुढे चालत राहिलं. १७५५ मध्ये डॉ. जॉन्सनचा कोश आला, तोवर क कधीच मुका झालेला होता. कोशानं त्याला जागेवर राहू दिलं.

सगळीच मुकी अक्षरं अशी खरी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. कर्जासाठीच्या ‘डेट’मधला बी इंग्रजांनी कधी उच्चारलाच नव्हता. लॅटिनच्या पंडितांनी तो मागाहून मूळ शब्द दाखवायला घुसवला. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ चुकीचा, दुसऱ्याच शब्दाच्या ओळखीवर आत आलेला. या दोन अक्षरांसाठी पोरांनी खाल्लेल्या छड्यांचा मला आजही राग येतो.

पोरीनं डोळे उघडले. ‘काकू, क म्हणायचाच नाही, तर ठेवलाय कशाला?’

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. मी तिला बनेश्वराला घेऊन गेले. देऊळ तिचं रोजचंच, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं, भोवती दाट बन, कुंडाचं पाणी. तिथली मोठी घंटा तिनं शंभरदा पाहिली असेल. मी म्हटलं, आज वाच. तिनं ओल्या धातूवरून बोट फिरवलं. एक क्रूस. खाली आकडा, १६८३. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या घंटा घाटावर आल्या. अशीच एक वाईजवळ मेणवलीला आहे, एक भीमाशंकराला. ही आपल्या वाट्याला आली. शंकराच्या दारात आल्यावर त्या क्रुसाचं काही काम उरलं नव्हतं, पण कुणी तो घासून काढला नाही. ‘नाइफमधला क तसाच आहे,’ मी म्हटलं. तिनं पुन्हा एकदा क्रुसावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, ‘क्नीफ.’

परतताना तिला आपल्याही अक्षरांबद्दल सांगितलं. आपण ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. ‘सिंह’ लिहितो, म्हणतो ‘सिंव्ह’. ‘जग’ हा शब्द दुनियेसाठी एका ज नं म्हणतो आणि ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना वेगळ्याच ज नं. कागदावर दोन्ही सारखेच. माझा म्हणताना झ दाताशी असतो, माझी म्हणताना टाळूला जातो. आईच्या मांडीवर शिकलो म्हणून आपल्याला ते अडत नाही, बाहेरून मराठी शिकायला आलेला माणूस मात्र तिथेच ठेचकाळतो. गावाच्या पाटीपाशी तिला थांबवलं. पाटीवर न, स, रा, पू, र. ‘आता म्हण.’ ती म्हणाली, ‘नस्रापूर.’ स मधला अ कुठे गेला, ते ती पाटीकडे बघत शोधत राहिली.

एवढंच मागणं आहे. घरात, शाळेत एखादं मूल ‘क्निफे’ म्हणालं, तर हसू नका, लाल रेघही लगेच ओढू नका. आजचा उच्चार त्याला सांगाच, तो त्याला लागणार आहे. पण त्याआधी सांगा, की तू वाचलंस तेच अक्षरं सांगतात, आणि इंग्रजसुद्धा एके काळी असंच म्हणत होते.