जुन्या गाडीतील एअरबॅग आणि न पोहोचलेले पत्र

टायर झिजतो, ब्रेक कुरकुरतो, इंजिनाचा सूर बदलतो. गाडीचे म्हातारपण मालकाला या खुणांवरून कळते. स्टिअरिंगच्या मध्यभागी घडी घालून ठेवलेली एअरबॅग मात्र अशी कोणतीही खूण देत नाही. दहा-बारा वर्षे ती काहीच करत नाही आणि एके दिवशी क्षणार्धात सर्व काही करावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते.

जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांनी ही अपेक्षा किती नाजूक आहे ते दाखवून दिले. पिशवी फुगवण्यासाठी इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीत रसायनाच्या वड्या असतात. धडक बसताच त्या पेटतात, वायू तयार होतो आणि पापणी लवण्याआधी पिशवी फुगते. ताकाताने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट निवडले. ते स्वस्त आहे. खाणींतील सुरुंगांमध्ये त्याचा सर्रास वापर होतो. पण ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि तापमान बदलले की त्याची स्फटिकरचनाही बदलते. रचना स्थिर ठेवण्याचा उपाय कंपनीने केला होता. ओलावा टिपणारे शोषक मात्र कोट्यवधी इन्फ्लेटरांत घातलेलेच नव्हते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या गाडीत, दमट हवेत, वर्षांमागून वर्षे त्या वड्या खिळखिळ्या होत गेल्या. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, त्याच लाकडाचा भुसा भडकतो. तसेच येथे घडले. वायूचा दाब डबीला सोसेना, ती फुटली आणि तिचे तुकडे छर्‍यांसारखे चालकाच्या गळ्यात आणि चेहऱ्यात घुसले. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

अमेरिकेने बदलाचा क्रम ठरवताना फ्लोरिडासारख्या उष्ण-दमट प्रदेशांना पहिले स्थान दिले. मुंबई, कोची, चेन्नई किंवा कोलकाता येथे गाडी उन्हात उभी करणाऱ्याने यातून काय समजावे, हे वेगळे सांगायला नको. भारतात एकट्या होंडाने २०१६ च्या एका मोहिमेत सुमारे १ लाख ९० हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत. रसायन बिघडायला पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो, हा विरोधाभास खटकल्यावाचून राहत नाही. त्यापुढील वयाच्या गाडीची भिस्त कंपनीच्या स्वेच्छेने चालणाऱ्या मोहिमेवर उरते.

आणि मोहिमेचे पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरातील पत्त्यावर, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाकडे. तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती, कदाचित दुसऱ्या राज्यात गेलेली असते. धोका वाढत जातो तसा निरोप पोहोचण्याचा संभव घटत जातो. म्हणून पत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला किंवा अधिकृत सेवा केंद्राला कळवला की आपली गाडी यादीत आहे की नाही ते समजते. जुनी गाडी घेताना हे सौदा ठरण्यापूर्वीच पाहावे. यादीतील भाग कंपनी विनामूल्य बदलून देते.

नवी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्या जेमतेम महिनाभरापूर्वीच्या होत्या. तेथे दोष नियंत्रक यंत्रणेत होता. अपघातात एअरबॅग न उघडण्याची शक्यता होती. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे कंपनीने सांगितले होते. अशी सूचना अक्षरशः पाळायची असते. ओळखीच्या मेकॅनिककडून एअरबॅगची तार काढून घेणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

अपघातानंतर खर्च वाचवण्यासाठी भंगारात निघालेल्या गाडीची एअरबॅग बसवून घेणे तर त्याहून घातक. ती परत बोलावलेल्या गाडीतली असू शकते आणि ज्या गाडीत ती येऊन बसली, तिच्या चासी क्रमांकावरून ते कोणालाही कळणार नाही.