बंपरला भोक नको, पण...

नवी गाडी दारात आली की घरात एखादं नवं माणूस आल्यासारखं होतं. माई हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, सीटवरचं प्लास्टिक महिनोन् महिने निघत नाही. पोरांनी दाराला नुसता हात लावला तरी, ‘अरे, ओरखडा येईल!’ म्हणून ओरडा बसतो. अशा गाडीच्या तोंडासमोर कुणी ड्रिलचं मशीन घेऊन उभं राहिलं, तर मालकाचा जीव कळवळणारच.

अॅम्बॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. बंपर लोखंडी असे, प्लेट नटबोल्टने त्याला आवळलेली असे आणि नंबर पेंटर ब्रशने रंगवी. खासगी गाडीची प्लेट काळी, अक्षरं पांढरी. २००१ साली नियम बदलला आणि पांढऱ्यावर काळी अक्षरं आली. त्याच वर्षी हाय सिक्युरिटी प्लेटची तरतूदही झाली. ती घरोघरी पोचायला मात्र बरीच वर्षं लागली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कारखान्याकडूनच येऊ लागली. जुन्या गाड्यांचे मालक पुढे रांगेत उभे राहिले. महाराष्ट्रात तर २०२५ मध्ये त्यासाठीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

झाशीत नेवाळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत. त्यांतल्याच एका घरातले नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हातात पाना आला की अजूनही त्यांचा चेहरा खुलतो. त्यांच्या मुलाने चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकाकडे तिचा पुढचा बंपर फुटला होता, तो बदलून ताजा रंग दिलेला. पण नव्या बंपरला नंबरप्लेटसाठी भोकंच नव्हती. हाय सिक्युरिटी प्लेट लावायला गेले, तेव्हा तिथल्या कारागिराने ड्रिल उचललं.

“थांबा, थांबा! भोक पाडायचं नाही,” मुलगा म्हणाला. “प्लेट हातात द्या, मी घरी लावतो.”

खरं म्हणजे ही प्लेट अशी हातात द्यायचीच नसते. ती तिथेच, एकदा बसली की तोडल्याशिवाय न निघणाऱ्या रिव्हेटने बसवायची असते. पण गर्दी होती. कारागिराने मागची बसवली आणि पुढची हातावर ठेवली. मुलाने घरी आणून ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर डकवली. दिसायला झकास दिसली.

नाना म्हणाले, “अरे, अशा पट्टीवर भिंतीवरचं कॅलेंडर टिकत नाही. गाडी तर ऐंशीने पळणार.”

“नाना, ही साधी पट्टी नाही. परदेशात लोक अशाच लावतात.”

मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इंग्लंडमध्ये प्लेट चिकटवण्याची पद्धत सर्रास आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा या राज्यांत पुढची प्लेट लागतच नाही. पेनसिल्व्हेनियातलं एखादं मराठी कुटुंब नोकरीसाठी शेजारच्या न्यू जर्सीत राहायला गेलं, की तिथे मात्र दोन्ही प्लेटा लागतात. मग गुळगुळीत बंपरला भोक न पाडता प्लेट कशी लावायची, हा प्रश्न तिथेही पडतो. पण इंग्लंडची हवा वेगळी आणि बुंदेलखंडातला मे महिना वेगळा.

शिवाय प्लेट असते सपाट, बंपर असतो गोलाई घेतलेला. एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा दाबून चिकटवला, तरी तो आतल्या आत सरळ व्हायला बघतो. कडा रोज केसभर उचलल्या जातात, त्यात धूळ शिरते. वरून पॉलिशचा तेलकट हात फिरलेला असला, की पट्टी कशाला धरणार? पट्टीचीही एक रीत असते. जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करायची, भरपूर दाबायचं आणि एक-दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. इथे तर प्लेट लावली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी धुऊन उन्हात उभी केली.

त्याच आठवड्यात कानपूरला मुलाच्या भाच्याची मुंज होती. मुहूर्त साडेअकराचा. मामाशिवाय मुंज शोभत नाही, म्हणून पहाटे पाचला मंडळी निघाली. झाशीपासून तीसेक किलोमीटरवर चिरगाव लागतं. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त इथेच १८८६ साली जन्मले, आणि गाव आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. एरवी या रस्त्याने जाताना नाना नातीला हे सांगितल्याशिवाय पुढे जात नसत. त्या दिवशी चहाला गाडी थांबली आणि सून उतरून समोर आली, ती तिथेच थबकली.

“अहो, नंबर कुठे आहे?”

प्लेटच्या जागी पट्टीचे चार करडे तुकडे तेवढे उरले होते.

मुलाने घड्याळ पाहिलं. “मागची आहे ना? मुंज उरकून येताना बघू. ताई वाट बघत असेल.”

नाना काही बोलले नाहीत. बोलली ती सून. “मुंज आपल्यासाठी थांबणार नाही, हे मला कळतं. पण ती प्लेट कुणी उचलून आपल्या गाडीला लावली आणि कुणाला उडवून पळाला, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? तेव्हा आपण काय सांगणार, की पट्टी सुटली होती?”

यावर उत्तर नव्हतं. गाडी वळवली, सावकाश मागे नेली, रस्त्याच्या दोन्ही कडा पाहिल्या. प्लेट मिळाली नाही. मग चिरगावच्या ठाण्यात अर्ज लिहिला. त्यात प्लेट हरवल्याची वेळ आणि रस्ता नोंदवला. प्रत्येक प्लेटवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. नवी प्लेट मागवताना पोलिसांकडच्या या तक्रारीची प्रत लागतेच. या सगळ्यात साडेआठ वाजले.

नाना बाहेर वाट पाहत होते, तेवढ्यात जवळच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं. बंपरच्या खालच्या कडेला कंपनीचेच दोन बोल्ट होते, खालचं प्लास्टिकचं झाकण धरून ठेवणारे. तो म्हणाला, हे बोल्ट काढायचे, त्यांच्याच भोकांत इंग्रजी ‘एल’सारखी वाकवलेली लोखंडी पट्टी घालायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. पट्टी वर येते, तिच्यावर प्लेट बसते. बंपरला ओरखडासुद्धा नाही. नानांनी कपाळावर हात मारला. उभा जन्म वर्कशॉपमध्ये गेला आणि खाली वाकून पाहायचं सुचलं नाही!

कानपूरला पोचेपर्यंत साडेबारा वाजून गेले होते. मंगलाष्टकं होऊन गेली होती. बटू मामाला बघून हसला, पण ताई दिवसभर भावाशी धड बोलली नाही. ती हरवलेली प्लेट शेवटपर्यंत सापडली नाही.

नवी प्लेट आली तेव्हा मुलाने आधी पट्टी करून घेतली, तिला गंजरोधक रंग दिला, गाडीला घट्ट बसवली आणि मगच गाडी केंद्रावर नेली. तिथल्या कारागिराने प्लेट त्या पट्टीवर रिव्हेटने बसवली. पट्टी आपली, कुलूप सरकारचं. दोघांचंही समाधान झालं.

भोक टाळायचं असेल, तर आणखीही वाटा आहेत. बऱ्याच गाड्यांना कंपनीची प्लास्टिकची चौकट मिळते आणि बंपरवर तिच्यासाठी जागा ठेवलेली असते, ती आधी विचारावी. काही गाड्यांत बंपरवरच्या छोट्या झाकणामागे गाडी ओढायच्या हुकासाठी आटे असतात. त्यात बसणारा दांडा मिळतो, पण प्लेट एका बाजूला जाते आणि गाडी बंद पडली की तो आधी काढावा लागतो. जाळीला प्लेट बांधायची असेल, तर रेडिएटरची हवा अडत नाही ना, हे पाहावं. नव्या गाड्यांच्या पुढच्या भागात सेन्सर असतात, ते झाकू नयेत. प्लेट वाकवू नये. चौकटीखाली तिच्यावरचं अशोकचक्र किंवा कोरलेला क्रमांक लपवू नये. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर सरळ भोक पाडून घ्यावं. आजचा बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही. नीट पाडलेल्या आणि वॉशर लावलेल्या दोन भोकांनी गाडीचं काही बिघडत नाही. प्लेटखाली ती दिसतसुद्धा नाहीत.

गाडीचा रंग आपल्यासाठी असतो. नंबर मात्र दुसऱ्यांसाठी असतो. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसाठी, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरासाठी, उद्या काही बरंवाईट झालं तर साक्ष देणाऱ्यासाठी. गाडीची हौस जरूर करावी, बंपर जरूर जपावा. पण त्या हौसेपायी नंबर चार बोटं चिकटपट्टीच्या भरवशावर सोडू नये.