विंझरला मुक्काम, चाकांवर!

मेलबर्नच्या चुलतभावाने ग्रेट ओशन रोडवरचे कॅराव्हॅनचे फोटो पाठवले आणि आमचाही वीकएण्ड ठरला! समुद्र नाही, ठीक आहे. नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलात की भातखाचरं, डावीकडे राजगड, समोर १४०३ मीटरचा तोरणा. और क्या चाहिए?

जागा! राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्येच आलं, पण रात्री व्हॅन लावायची कुठे? विंझरच्या एका मावशींनी गोठ्याशेजारी जागा दिली, वर पिठलं-भाकरी. टॉयलेटच्या टाकीचं विचारलं, तशा गंभीर झाल्या. ‘‘ओढ्यात सोडू नका हां. खाली माणसं पाणी भरत्यात.’’

आम्ही खरंच ओढाच शोधत होतो. गुपचूप भरली टाकी घेऊन पुण्याला परतलो, खिडक्या उघड्या ठेवून!