आधी विचारायला हवं होतं



यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तिमय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे (मार्क, अध्याय १०). धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी शिकवते. तो ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, प्रभू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि तुला काय हवं आहे असं विचारतो. वर्गातला एखादा मुलगा हमखास हात वर करतो. "टीचर, तो आंधळा आहे हे तर दिसतच होतं. मग येशूने विचारलं कशाला?" मी ठरलेलं उत्तर देते. त्याने आपल्या तोंडाने मागावं, त्याची श्रद्धा सगळ्यांसमोर यावी म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. हे मला एका स्पर्धेने शिकवलं, आणि ती स्पर्धा मीच भरवली होती.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संत म्हणून घोषित केलं. कार्लोचा जन्म १९९१ चा. २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. मोठ्यांची पुस्तकं वाचून तो स्वतःच संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकला होता. जगभरातल्या युखारिस्त चमत्कारांची माहिती जमवून त्याने ती वेबसाइटवर मांडली. जीन्स घालणारा, संगणकावर बसणारा संत! आमची तरुण मुलं हरखून गेली नसती तरच नवल.

इथे हैदराबादमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचे दोन गट आहेत. एक जुना, निजामाच्या काळापासून किंवा रेल्वेच्या नोकरीमुळे सिकंदराबादला स्थायिक झालेला. दुसरा नवा, माधापूर आणि गच्चीबावलीच्या कंपन्यांत काम करणारा. कुणी वसईचा, कुणी अहिल्यानगरचा, कुणी नागपूरचा. महिन्यातून एकदा मराठी प्रार्थनासभेला आम्ही भेटतो, चहा पितो आणि पांगतो. एकमेकांच्या घरी जाणं-येणं फारसं नाही. कार्लोचा सण १२ ऑक्टोबरला असतो आणि त्या वर्षी तो नेमका रविवारी आला होता. मुलं म्हणाली, "टीचर, काहीतरी वेगळं करू या." त्यातून ठरलं, नवीन ॲपच्या कल्पनांची स्पर्धा घ्यायची. ॲप बनवून दाखवायचं नाही, कल्पना फक्त नीट मांडायची. विषय एकच, आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. ॲप म्हणजे फोनवरचं एक चौकोनी चित्र, एवढीच माझी जाण. पण फादरांनी धीर दिला. मार्च २०१८ मध्ये खुद्द व्हॅटिकनमध्ये अशी स्पर्धा झाली होती, असं त्यांनी सांगितलं. 'व्ही-हॅक्स' तिचं नाव. वेगवेगळ्या देशांतले सुमारे १२० विद्यार्थी चार दिवस एकत्र बसले आणि सामाजिक समावेश, आंतरधर्मीय संवाद, स्थलांतरित व निर्वासित या तीन विषयांवर त्यांनी तंत्रज्ञानाचे उपाय शोधले. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलाने आपल्या सरकारच्या ॲप स्पर्धेची आठवण काढली. ४ जुलै २०२० रोजी ती जाहीर झाली होती, जवळपास सात हजार प्रवेशिका आल्या होत्या आणि पहिलं बक्षीस वीस लाखांचं होतं. आमचं पहिलं बक्षीस दोन हजारांचं, तेही एका दात्याने दिलेलं.

नियम मी लिहिले. शाळेत शिकवल्याची सवय असल्यामुळे नियम लिहायला मला आवडतं. अडचण एका वाक्यात सांगा, उपाय दहा ओळींत सांगा, ॲप कोण वापरेल, खर्च किती येईल, लोकांची माहिती सुरक्षित कशी राहील तेही लिहा. शंभर गुणांपैकी चाळीस नावीन्याला. आणि तिसरा नियम असा, की प्रवेशिका फक्त ऑनलाइन फॉर्मवरच स्वीकारल्या जातील. १४ सप्टेंबरला मिस्सानंतर घोषणा केली. ५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख.

एकोणीस प्रवेशिका आल्या. माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. रक्तदात्यांची यादी गटानुसार ठेवणारं ॲप, मिस्साला जाताना एकमेकांना गाडीत जागा देणारं ॲप, मुलांसाठी बायबलची प्रश्नमंजूषा. एका मुलीने दफनभूमीतल्या कबरी शोधून देणारं ॲप सुचवलं होतं. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी आजोबांची कबर सापडायला त्यांच्या घरच्यांना तासभर लागला होता म्हणून. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एका मुलाने मात्र लिहिलं होतं, 'व्हिडिओ कॉलवर पापकबुली.' आम्ही परीक्षक हसलो. फादर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला बोलावून समजावलं, की प्रायश्चित्त संस्काराला पापकबुली देणारा आणि धर्मगुरू प्रत्यक्ष समोर असावे लागतात. २०११ मध्ये पापकबुलीच्या तयारीसाठी एक ॲप निघालं होतं, तेव्हाही व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी सांगितलं होतं, की तयारीला मदत घ्या, पण ॲप संस्काराची जागा घेऊ शकत नाही. मुलाला ते पटलं. तरी जाताना तो म्हणाला, "फादर, मला वाटलं कुणालातरी गरज असेल." ते वाक्य आम्ही तिथेच सोडून दिलं.

शेवटच्या रविवारी माझ्या वर्गातल्या एका सातवीतल्या मुलीने मला घडी घातलेला, पिन मारलेला एक कागद दिला. "टीचर, आजीची प्रवेशिका." मी गडबडीत होते. तिसरा नियम मला तोंडपाठ होता. "अगं, फॉर्म भरायला हवा ना," असं म्हणून मी तो कागद फाइलच्या मागच्या कप्प्यात ठेवला आणि विसरून गेले.

१२ ऑक्टोबरचा कार्यक्रम सुरेख झाला. रक्तदात्यांच्या ॲपला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या, फोटो, समोसे सगळं झालं. मी टेबल आवरत असताना ती मुलगी आली. "टीचर, आजीचा कागद वाचलात?"

"हो, वाचला ना. छान लिहिलंय," मी म्हणाले.

दहा वर्षं मी मुलांना दहा आज्ञा शिकवते आहे. खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही.

रात्री घरी येऊन मी ती पिन काढली. कॅलेंडरच्या पानाच्या मागे, थरथरत्या अक्षरांत पाच-सहा ओळी होत्या. आजींच्या परवानगीने त्यांचा आशय इथे देते. मला ॲप समजत नाही. नात म्हणाली, काय पाहिजे ते लिहून द्यायचं आहे. मला मराठी येणारे एक फादर पाहिजेत. तीन वर्षं झाली, पापकबुली झालेली नाही. पोराला मधे घेऊन सांगता येत नाही. बाकी काही नको.

त्या रात्री मला झोप आली नाही. दर रविवारी या आजी मुलासोबत येतात, तिसऱ्या बाकावर बसतात. नमस्कार करतात, मीही करते. मराठवाड्यातल्या आपल्या गावातून, यजमान गेल्यावर, त्या मुलाकडे आल्या. आमच्याकडे मिस्सा तेलुगूत आणि इंग्रजीत होते. आजींना दोन्ही येत नाहीत. मी धर्मशिक्षिका, मीही मराठी. या तीन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, "आजी, तुम्हाला उपदेश समजतो का? काही हवं आहे का?"

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, दुभाषा घेऊन पापकबुली करायला ख्रिस्तसभेच्या कायद्यात मुभा आहे आणि दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण आजींना दुभाषा नको आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे." ज्या मुलाच्या कल्पनेला आम्ही हसलो होतो, त्यालाच मी फोन केला. तो आणि त्याचे दोन मित्र चार संध्याकाळी शहरातल्या चर्चना आणि मठांना फोन करत बसले. तुमच्याकडे मराठी येणारे कुणी फादर आहेत का? शहराच्या दुसऱ्या टोकाला एक सापडले, मूळचे महाराष्ट्रातले. गुरुवारी ते मेट्रोने रायदुर्गला उतरले, तिथून तो मुलगा त्यांना स्कूटरवर घेऊन आला.

चौदाव्या मजल्यावरचं घर. आजी नऊवारी नेसून, पदर सावरून बसल्या होत्या. फादरांनी "काय आजी, कसं काय?" म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. दार बंद झालं. बाहेरच्या खोलीत मी आणि त्यांचा मुलगा बसलो. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "टीचर, आईसाठी मी सगळं केलं. फोन दिला, टीव्हीला मराठी चॅनेल लावून दिले. हे तिने मला कधी सांगितलंच नाही."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. आजी बाहेर आल्या, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचारलं, "आजी, आम्हाला आधी का नाही सांगितलं?" त्या सहज म्हणाल्या, "अगं, कुणी विचारलं नाही. नातीनं विचारलं, तिला सांगितलं." आणि मग हसून, "आमचं गाव तरी निजामाच्याच राज्यातलं. हैदराबाद आम्हाला परकं कसं?" खरंच होतं ते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. परकं आम्ही त्यांना ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी वर्गानंतर मी त्या मुलीला थांबवलं आणि सांगितलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मी कागद वाचला नव्हता." ती म्हणाली, "मला माहीत होतं, टीचर. पिन तशीच होती." मग माझा हात धरून ती बाहेर आली.

आता स्पर्धेचं पुढे काय झालं ते सांगते. पहिल्या क्रमांकाचं ॲप अजून तयार झालेलं नाही. नोकऱ्या सांभाळून मुलं जमेल तसं काम करतात, माझी तक्रार नाही. पण त्या चार संध्याकाळच्या फोनांतून एक यादी तयार झाली, कोणत्या चर्चमध्ये कोणत्या भाषेत पापकबुली करता येते याची. ती एका साध्या पानावर फोनवर बघता येते, आणि ज्यांना फोन जमत नाही त्यांच्यासाठी छापून सूचनाफलकावर लावली आहे. पुढच्या वर्षीही स्पर्धा घेणार आहोत. पण तिचे दोन भाग असतील. पहिल्या महिन्यात फक्त गरजा गोळा करायच्या. घरोघरी जाऊन, विचारून, कागदावर, तोंडी, कशाही. उपाय नंतर. आणि तिसरा नियम मी खोडला आहे.

बार्तिमयाला प्रभूने का विचारलं, असं आता मुलं विचारतात तेव्हा मी ठरलेल्या उत्तरात थोडी भर घालते. बघून आपल्याला आंधळेपण दिसतं, पण त्या माणसाला काय हवं आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. सर्व जाणणारा प्रभूसुद्धा थांबला आणि त्याने विचारलं. मी तर फॉर्म आणि शंभर गुणांचा तक्ता घेऊन भराभरा पुढे चालले होते, आणि रस्त्याकडेच्या माणसाला गप्प बसवणाऱ्या गर्दीत सामील झाले होते.

या आठवड्यात एक करून पाहा. तुमच्या चर्चमध्ये तुमच्या पुढे किंवा मागे बसणाऱ्या, ज्यांना तुम्ही फक्त नमस्कार करता अशा एका व्यक्तीपाशी जा आणि विचारा, "तुम्हाला काही हवं आहे का?" उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू गर्दीतून चालतानाही एका हाकेसाठी थांबलास. आम्हाला थांबायला शिकव. आमच्या हुशारीला आणि आमच्या साधनांना तुझे कान दे. ज्यांची भाषा आमच्याभोवती कुणी बोलत नाही, त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव, आणि जिथे आम्ही कुणाला गप्प बसवलं असेल, तिथे आम्हाला क्षमा कर. आमेन.