स्पिनची मूठ

१९९०. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांचा तीन पानी निबंध. दोन टोकांना लोखंडाचे संपर्क, मध्ये अर्धवाहक, वर गेट. इलेक्ट्रॉन एकाच दिशेचा स्पिन (त्यांचं अंगभूत, सूक्ष्म चुंबकत्व) घेऊन शिरतील, गेटचा व्होल्टेज त्यांचा स्पिन वाटेत वळवेल. पलीकडच्या चुंबकाशी तो जुळला तर प्रवाह जास्त, उलटा पडला तर कमी. इतकी नेटकी कल्पना क्वचितच वाचायला मिळते.

वळवायचा कसा? धावत्या इलेक्ट्रॉनला गेटचं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्रासारखं जाणवतं. हा रश्बा परिणाम. स्पिनला हात घालायला विजेची ही एक मूठ मिळते.

पण त्याच मुठीतून स्पिन निसटतो. दर टकरीला इलेक्ट्रॉनची दिशा बदलते, तसा त्या भासमान क्षेत्राचा अक्षही बदलतो. काही टकरींत इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांशी फटकून वागू लागतात. या साऱ्या विषयाचं मर्म मला इथेच दिसतं. पकड हवी तर आयुष्य कमी, आयुष्य हवं तर पकड नाही.

त्याआधी, आत शिरण्याचीच अडचण. लोखंडात दोन स्पिनांच्या रोधात फरक असतो खरा, पण अर्धवाहकाच्या प्रचंड रोधापुढे तो कुठल्या कुठे बुडतो. २००० साली श्मिट आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. त्याच वर्षी रश्बांनी उपाय सुचवला : मध्ये विद्युतरोधकाचा पातळ थर घाला. वाट आणखी अवघड केली की स्पिन आत शिरतो!

दुसरी वाट, चुंबक बाहेरून जोडायचाच नाही : गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून ओहनो यांनी १९९६ मध्ये अर्धवाहकालाच चुंबक बनवलं. फार सुंदर काम. मात्र खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनच्या आसपास, त्याचं चुंबकत्व टिकत नाही.

२००९, दक्षिण कोरिया. इंडियम आर्सेनाइडच्या पट्टीत गेटबरोबर सिग्नल खालीवर होताना दिसला. कडाक्याच्या थंडीत का होईना, दत्ता-दास यांच्या चित्रात जीव आला.

सिलिकॉन दुसऱ्या टोकाचं. तिथे ही मूठ जवळपास नाहीच, म्हणून स्पिन दीर्घकाळ तगतो. २००७ मध्ये डेलावेअर विद्यापीठात अ‍ॅपलबॉम यांच्या गटाने ३५० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून तो आरपार नेला. शिवाय सिलिकॉनमध्ये अणुकेंद्रांच्या स्पिनांचा त्रासही थोडा. अणुकेंद्राला स्पिन असलेलं सिलिकॉन-२९ निसर्गात ४.७ टक्केच, आणि तेही गाळून काढता येतं.

मग स्पिनपासून क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूलभूत घटक, बनवणाऱ्यांनी मूठ बाहेरून बसवली. एकाच इलेक्ट्रॉनला कोंडायचं, शेजारी कोबाल्टचा सूक्ष्म चुंबक ठेवायचा आणि विजेने इलेक्ट्रॉनला त्या असमान क्षेत्रात हलवायचं, की स्पिन वळतो. २०१८ मध्ये जपानी गटाने अशा क्युबिटवर ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकता गाठली. त्यांच्या मोजमापात स्पिनचं आयुष्य तोकडं करत होता तो आजूबाजूच्या विद्युतभारांचा गोंगाट, आणि तो त्या चुंबकाच्याच वाटेने आत येत होता.