आजेसासूंचा प्रश्न

पुसदच्या त्या घरात दुसरे बाळंतपण झाले. सून अवघी २४ वर्षांची. शस्त्रक्रियेची घाई तिला नको होती. तिने तांबीचा विषय काढताच आजेसासूंनी नकारार्थी मान हलवली. १९६५ साली सरकारने ‘लूप’ आणला, तेव्हा लक्ष आकड्यांवर होते. मागाहून होणाऱ्या रक्तस्रावाची विचारपूस फारशी झाली नाही. ती भीती माजघरात ६० वर्षे टिकली, आणि ती अडाणी नव्हतीच.

डॉक्टरीणबाईंनी आधी आजींचे ऐकून घेतले. तांबी १० वर्षांपर्यंत चालते, सरकारी रुग्णालयात मोफत बसते. पहिले काही महिने मात्र पाळीत स्राव अधिक होतो, हेही त्यांनी लपवले नाही.

“नको झाली तर काढून देतील ना?”

“केव्हाही.”

पुढच्या तपासणीला आजी स्वतः बरोबर गेल्या.