भिंगरीला परत देऊ नकोस

नांदेड,
आषाढाचा पहिला आठवडा

चि. मुक्ता हिस,


तुझे व्हिडिओ सगळे पाहिले. फोनवर मी सांगायला लागलो की तू मध्येच 'पण मामा' म्हणतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून सरळ लिहायला बसलो. त्या मांजराच्या पिल्लाला, भिंगरीला, परत मार्केट यार्डात नेऊन सोडू का, असं विचारलंस. मुळीच नाही. आडतीवरच्या हमालांनी पोत्यांमागून काढून तुझ्या ओंजळीत दिली तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती. आता तीन महिन्यांची झाली आणि गादीवर झोपायला शिकली. तिथल्या कुत्र्यांपुढं तिचा निभाव लागणार नाही. तेव्हा तो विषय संपला.

राहिला मिरज आणि ठमी या तुमच्या दोन म्हाताऱ्या मांजरांचा छळ. मिरजचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तो कूलरवर पसरलाय, शेपूट खाली लोंबतंय. भिंगरी खाली दबा धरून बसलीय, बाहुल्या इतक्या फुगल्यात की डोळ्यातला पिवळा रंग दिसेनासा झालाय, मागचं बूड डावं-उजवं हलतंय. मग उडी, आणि शेपटीला लोंबकळणं. मिरज वळतो, फिस्कारतो आणि तिच्या टाळक्यात पंजा हाणतो. तिथं तू किंचाळलीस आणि चित्र हललं. आता तो व्हिडिओ लाव, पंजा उगारतो तिथं थांबव आणि मोठा करून बघ. नखं आत आहेत. कान मागे गेलेत, पण डोक्याला चिकटून सपाट झालेले नाहीत. त्याला खरंच इजा करायची असती तर एव्हाना तू दवाखान्यात असतीस.

पिल्लं एकमेकांना चावूनच वाढतात. एकानं जोरात दात लावले की दुसरं केकाटतं, खेळ मोडतो, आणि दात किती रुतवायचे हे हळूहळू उमगतं. त्यासाठी पिल्लाला दोन-तीन महिने तरी आई आणि भावंडांत राहावं लागतं. भिंगरीला ते मिळालं नाही, म्हणून मिरज या वयात मास्तरकी करतोय. तो फिस्कारला की तू त्यालाच रागावतेस, ते आधी बंद कर. फिस्कारणं म्हणजे भांडण नव्हे, भांडण टाळायची सूचना आहे. ती देण्याचा हक्क काढून घेतलास तर उद्या तो सूचना न देता मारेल.

मला मिरजपेक्षा ठमीची काळजी वाटते. इतके व्हिडिओ पाठवलेस, पण ठमी कुठंच नाही. एकात दिवाणाखाली दोन डोळे चमकले तेवढेच. तुझी आई म्हणते, सकाळचं खाणं तसंच पडून राहतं आणि दिवाणामागच्या कोपऱ्यात लघवीचा वास येतो. भांडणारं मांजर डोळ्यांत भरतं, गप्प बसणारं आपण 'शहाणं' म्हणून सोडून देतो. ठमी चौदा वर्षांची आहे, म्हणजे माणसाच्या हिशेबानं सत्तरी ओलांडलेली. या वयात बाहेर लघवी करणं हा रुसवाही असेल, नाहीतर मूत्रपिंडाचं दुखणं. आधी तपासणी, मग भिंगरीवर आळ. आणि मांजरानं लागोपाठ दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. कुत्र्यासारखं 'भूक लागली की खाईल' म्हणून थांबायचं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: म्हाताऱ्यांनी भिंगरीला माया लावावी, ही अपेक्षाच सोड. तिला त्यांनी आणलेलं नाही, तू आणलंस. तिचा दंगा अंगावर घ्यायचं काम तुझं, आणि त्या दोघांच्या जागा, वेळा, वाट्या जशाच्या तशा ठेवायचं कामही तुझंच. लावली माया तर भाग्य. एका घरात एकमेकांकडे पाठ करून सुखानं झोपणारी मांजरं मी पुष्कळ पाहिलीत. त्यांना दुःखी समजायचं काही कारण नाही.

खरं तर आणायचीच होती तर दोन आणायची होतीस. हसू नकोस. एकटं पिल्लू म्हाताऱ्यांना जेवढा त्रास देतं, त्याच्या निम्मा त्रास दोन पिल्लं देतात, कारण ती एकमेकांच्या मानगुटीवर बसतात. आता ते नाही, तर दुसरं पिल्लू तू हो. पहाटे आणि दिवेलागणीला मांजराच्या अंगात वारं भरतं, त्याची शिकारीची वेळ तीच. त्या दोन्ही वेळांना पंधरा-वीस मिनिटं तिला दमव. कडब्यातलं एक हलकं धाट घे, टोकाला हातभर सुतळी आणि सुतळीला चिंधीचा गोळा बांध. गोळा तिच्याकडे न्यायचा नाही, तिच्यापासून पळवायचा: पायपुसण्याखालून, दाराआडून, मध्येच थांबवून. शेवटी तिला तो पकडू दे आणि लगेच वाटी पुढं कर. पाठलाग, झडप, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. तो पुरा झाला की मिरजचं शेपूट शाबूत राहतं. लेझरचा लाल ठिपका मात्र नको, त्यात हाती काहीच लागत नाही आणि पोरगी आणखी पिसाळते. हातानं तर कधीच खेळवू नकोस. आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी तेच दात मनगटात घुसतील. आणि खेळ झाला की सुतळी कपाटात. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय सुटत नाही.

आता घराबद्दल. तू कंधारचं आपलं जुनं माळवदाचं घर पाहिलंस तेव्हा त्याची एक भिंत पडलेली होती. मी लहान असताना तिथं एका वेळी मांजरांच्या तीन पिढ्या नांदायच्या, आणि त्यांची मारामारी क्वचितच पाहिली. तेव्हा मला ती आईच्या धाकाची किमया वाटायची. पुढं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना पॉल लायहाउजेन या जर्मन अभ्यासकाचं वाचलं आणि कोडं सुटलं. मांजरं एकाच वाटेवरून जातात, पण वेळा वाटून घेतात. समोरून दुसरं येताना दिसलं की एक थांबतं, बसतं, त्याला जाऊ देतं. मात्र त्यासाठी लांबून दिसायला हवं आणि बाजूला व्हायला जागा हवी. आपल्या घरात ती होती. म्हातारी भाटी बळदाच्या तोंडाशी, उंदरांच्या आशेनं. बोका तुळईवर. पिल्लं उतरंडीमागं, गोठ्यात, कडब्याच्या गंजीवर. खांबावरून चढून झरोक्यातून थेट माळवदावर जायची वाट निराळी, जिन्याची निराळी. जमिनीवर भेट व्हायची ती फक्त ताकाच्या वेळी.

किल्लारीच्या भूकंपानंतर, 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर, दगडमातीच्या जड छताखाली झोपायची आपल्या लोकांना धास्ती बसली, आणि ती खरीच होती. स्लॅब आला ते बरंच झालं. पण लातुरात तुमच्या औसा रोडवरच्या फ्लॅटमध्ये तीन मांजरांना मिळून एकच जमीन आहे. स्वयंपाकघरात जायला बोळ एक, त्या बोळात भिंगरी आडवी. ठमी दिवाणाखालून निघणार कशी? तेव्हा माझ्या ताईला, तुझ्या आईला, सांग, फ्रीजवरच्या बरण्या आणि जुने दिवाळी अंक हलवा, तिथं गोणपाट टाका, ती जागा मिरजची. तिथं चढायला शेजारी स्टूल, कारण आता त्याचे सांधे कुरकुरत असणार. बैठकीत भिंतीला दोन फळ्या ठोका. ठमीला उंच चढवत नाही, तिला दोन तोंडांचं खोकं दे, म्हणजे एका दारात भिंगरी बसली तर दुसऱ्यानं निसटता येईल. एकाच तोंडाचं खोकं म्हणजे सापळा.

मलमूत्राच्या ट्रेचंही तसंच. मांजरं तीन तर ट्रे चार, आणि चारही एका ओळीत नकोत, नाहीतर त्यांच्या लेखी तो एकच. इथं मी गोदावरीची वाळू वापरायचो. हल्ली वाळूचं एक घमेलं जरी दारात दिसलं तरी तहसीलदार पंचनाम्याला येतील अशी भीती वाटते, म्हणून लाकडाच्या भुशावर आलोय. भुसा चालतो. ठमीचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा हवा.

आणि पाणी. मिरजचं नाव तुझ्या बाबांनी ठेवलं ते तुला आठवत असेल. 2016 च्या एप्रिलात, 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. त्याच आठवड्यात तुमच्या कोरड्या हौदात हे पिल्लू सापडलं. नावात पाणी असलं तरी मांजर पाणी कमीच पितं. त्याचे पूर्वज, आफ्रिका-पश्चिम आशियातली रानमांजरं, कोरड्या मुलखातली. शिकारीच्या अंगातल्या ओलाव्यावर भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, हा त्यांचा धंदा. म्हातारपणी त्याचा ताण मूत्रपिंडावर पडतो. म्हणून खाण्याच्या वाटीपासून लांब, वेगवेगळ्या ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेव. माणसांनी नळाची वाट पाहायची आणि मांजरांना चार-चार भांडी, असं शेजारी म्हणतील. म्हणू देत.

खाण्यावरून तुमच्याकडे कुरबुर होणार हे मला ठाऊक आहे, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. पण दूध-पोळीवर मांजर जगवता येत नाही. टॉरीन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-माशांतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात. हृदयही ढिलं पडतं, हे कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं. तेव्हा दुकानातलं तयार खाद्य आण, आजीला म्हणावं ते औषध आहे. भिंगरीला पिल्लांचं, त्या दोघांना म्हाताऱ्यांचं, आणि तीन वाट्या तीन ठिकाणी. दूध बंद, मोठेपणी बहुतेक मांजरांना ते पचत नाही. आमच्या शेजारच्या खाला आमच्या मांजरीला, काळीला, नेमानं कोंबडीचे उकडलेले तुकडे पाठवतात, कांदा-लसूण-मसाला अजिबात नाही, कारण कांदा-लसणानं मांजराचं रक्त बिघडतं हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. त्यांच्याकडे मांजर पाक मानतात, त्यामुळं आमच्या काळीला तिथं थेट चटईपर्यंत मुभा आहे.

तू पहिल्याच दिवशी तिघांना समोरासमोर केलंस. ते आता नव्यानं करू. आठवडाभर भिंगरी तुझ्या खोलीत. दाराच्या आत तिची वाटी, बाहेर मिरजची, म्हणजे एकमेकांचा वास आणि पोटभर खाणं एकत्र येतं. एक फडकं भिंगरीच्या गालांवरून फिरवून ठमीच्या अंथरुणाजवळ ठेव, ठमीचं भिंगरीकडे. मांजराची ओळख नाकानं होते, डोळ्यांनी नंतर. मग दार उलुसं उघड, रोज थोडा वेळ, भिंगरी खेळून दमलेली असताना. ठमीशी बोलायचं असेल तेव्हा दिवाणासमोर जमिनीवर बस, तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटून उघड. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिलंय, असे डोळे मिचकावणाऱ्या माणसाकडे मांजरं जास्त येतात. आमच्या आईला ते संशोधनाशिवाय माहीत होतं.

डॉक्टरांचं राहिलंच. भिंगरीला जंतांचं औषध आणि लस दिली का? आडतीवरून आलेलं पिल्लू पॅनल्युकोपेनिया घेऊन येऊ शकतं, आणि तो रोग पिल्लं पटापट नेतो. तीन महिने झाले म्हणजे रेबीजची लसही द्यायला हवी. तुला ओरखडे निघालेत ते दिसले. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि सरकारी दवाखान्यात दाखव, टाळाटाळ नको. घरातली पॅरासिटामॉल कुलपात ठेव, एक गोळी मांजराचा जीव घेते. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी. लातुरात सोय झाली तर उत्तमच, नाहीतर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथं म्हशी, देवणी बैल, शेळ्या यांच्या रांगेत मांजराची पिशवी घेऊन उभं राहताना कुणी हसलं तर हसू दे. आपल्याकडे माळेगावच्या यात्रेत घोडा, गाढव, उंट, सगळ्यांचा बाजार भरतो, मांजराचा भरत नाही. फुकट आलेल्या जनावरावर पैसे घालणारा माणूस लोकांना येडाच वाटतो.

आधी ठमीला ने, या आठवड्यातच. लघवी आणि रक्त दोन्ही तपासायला सांग आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. उदगीरला जायचं ठरलं तर आदल्या दिवशी फोन कर, मी इथून परस्पर येतो. म्हशीच्या रांगेत एकानं पिशवी धरायची आणि एकानं चिठ्ठी काढायची, असं दोघांचं काम आहे ते.

ताईला नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा,
मामा

ता.क. फळ्या ठोकायला सुतार मिळत नसेल तर थांब, ड्रिल मशीन मीच घेऊन येतो. तुझ्या बाबांनी ठोकलेला खिळा मी पाहिलाय.